लाइट गेल्यावर बोलणारे सर

आमच्या ऑफिसात लाइट असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. नियम सरांनी केला असला तरी दोष त्यांचा नव्हता. देशात येऊ घातलेल्या नव्या तंत्रज्ञानाबद्दल सरकारनं काय धोरण ठेवावं, याचा विचार करणारी आमची संस्था येरमाळ्यात मकबूलचाचांच्या पिठाच्या गिरणीवर एका खोलीत होती. लाइट आली की खाली गिरणी सुरू. गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची, खिडकीची तावदानं वाजायची आणि चहाचा कप आपला आपण चालत टेबलाच्या कडेला यायचा. अशात बोलणार काय आणि ऐकणार काय? म्हणून सरांनी कामाची वाटणी करून टाकली होती. लाइट असताना विचार करायचा, लाइट गेली की बोलायचं. येरमाळ्यात लाइट जाण्याला तोटा नव्हता, त्यामुळं चर्चा भरपूर व्हायची. बोलणं ऐन रंगात आलेलं असताना जिन्याखालून चाचांचा आवाज यायचा, "लाइट आ गयी साब, अब सोचो." सर जिथं असतील तिथं, अर्ध्या वाक्यात थांबायचे. पुढचं अर्धं वाक्य दुपारनंतर कधीतरी, लाइट गेली की, नेमकं तिथूनच सुरू व्हायचं.

संस्थेत माणसं दोनच. सर संचालक आणि मी इंटर्न. पण सर मला इंटर्न म्हणायचे नाहीत. इंटर्न म्हटलं की माणसाला चहा आणायला पाठवावंसं वाटतं, असं त्यांचं मत होतं. ते मला 'संशोधक' म्हणायचे. "संशोधक, जरा खाली जाऊन दोन चहा सांगता का?"

मी परंड्याची. पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करून घरी परतले होते आणि मला दिल्लीला जायचं होतं. तिथं याच विषयावर काम करणारी एक मोठी संस्था होती, तिच्यात शिरायचं तर आधी कुठंतरी काम केल्याचा अनुभव लागत होता. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं सरळ होतं. तुळशीच्या लग्नापर्यंत काय करायचं ते कर. तुळशीचं लागलं की तुझं बघायला सुरुवात. अप्पा वाईट नव्हते. त्यांनी मला विचारलं नव्हतं, एवढंच. त्यांनाही जन्मात कुणी काही विचारलेलं नसल्यामुळं, असं विचारायचं असतं हे त्यांच्या गावीच नव्हतं. तेव्हा रोज परंड्याहून बार्शी आणि बार्शीहून येरमाळा असा दोन गाड्यांचा प्रवास करून मी गिरणीवर जायची, आणि डोक्यात सारखं तुळशीचं लग्न असायचं.

सर मूळचे तेर गावाकडचे. नोकरीची सगळी वर्षं दिल्लीत एका मंत्रालयात गेली. नव्या यंत्रांच्या, नव्या सेवांच्या फायली त्यांच्या टेबलावरून पुढं जायच्या. निवृत्त झाल्यावर ते पुण्यात फ्लॅट घेतील असं त्यांच्या नात्यातल्या लोकांना वाटत होतं. हे गृहस्थ सामान घेऊन येरमाळ्याच्या स्टँडवर उतरले. येरमाळाच का, असं मी एकदा लाइट गेल्यावर विचारलं, तर म्हणाले, इथून चारी दिशांना गाडी मिळते. मला ते उत्तर त्या वेळी फारच पोकळ वाटलं होतं.

त्यांच्या अंगावर कायम क्रीम रंगाचा सफारी असायचा. गिरणीचं पीठ त्यावर दिसत नाही, हे त्यामागचं शास्त्र. केसांत मात्र पीठ बसायचंच, आणि सरांचे केस किती पिकलेत आणि किती पीठ आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. स्वतःचा फोन बटणांचा. तो ते चष्म्याच्या घरात ठेवायचे आणि चष्मा तसाच खिशात टाकायचे. त्यामुळं फोन नवाकोरा आणि चष्म्यावर एवढे ओरखडे की समोरचा माणूस आधी आवाजावरून ओळखायला लागायचा. उदयोन्मुख तंत्रज्ञानाच्या संचालकाकडं साधा स्मार्टफोन नाही, हे बरं दिसत नाही, असं मी सुचवून बघितलं. तर म्हणे, डॉक्टर काय सगळ्या गोळ्या स्वतः खाऊन बघतो का?

आता खरी गंमत सांगते, ती सरांच्या अभ्यासपद्धतीची. दिल्लीत इतकी वर्षं काढून ते एका निष्कर्षावर आले होते. यंत्र शहरात ठरतं, सोयरीक शहरात होते आणि गावाला फक्त अक्षता टाकायला बोलावतात. म्हणून ते कुठल्याही नव्या तंत्रज्ञानाचा रीतसर बघण्याचा कार्यक्रम करायचे. गाव म्हणजे मुलीकडची मंडळी आणि तंत्रज्ञान म्हणजे आलेलं स्थळ. खुर्चीवर धुतलेली चादर टाकून त्यावर ते यंत्र बसवायचं. समोर सतरंजीवर गावकरी. सगळ्यांना कांदेपोहे. स्थळाच्या बाजूनं उत्तरं द्यायला मी. आणि सर मधोमध उभे राहून ठरलेले तीन प्रश्न विचारणार. काम काय करतो? बिघडला तर कुणाच्या दारात जायचं? आणि नको म्हणायची सोय कुठंय?

तिसऱ्या प्रश्नावर ते फार अडायचे. पहिल्या दोन प्रश्नांना कसलंही उत्तर चालायचं, पण तिसऱ्याला मी जरा गोलगोल बोलले की हात वर करून मला थांबवायचे आणि प्रश्न परत पहिल्यापासून विचारायचे. लोक तोवर पोहे संपवून दुसऱ्यांदा मागायचे.

तेरला एका शाळेच्या वर्गात आम्ही शेतकऱ्यांना सल्ला देणारं एक बोलकं ॲप दाखवायला नेलं होतं. खुर्चीवर माझा मोबाइल, मोबाइलखाली उशी. एका आजोबांनी पहिल्यांदा त्याचं गाव विचारलं. त्यानं फार नम्रपणे सांगितलं की मला गाव नाही. मग आईवडील विचारले, तेही नव्हते. आजोबा वर्गाला म्हणाले की गाव न्हाय, घर न्हाय, अन् आमच्या सोयाबीनवर बोलायलंय. नंतर एका मावशींनी त्याला, यंदा तूर लावू नये ना, असं विचारलं. ते म्हणालं, अगदी बरोबर, लावू नये. शेजारच्या बाईनं, यंदा तूरच लावावी ना, असं विचारलं. तर त्यालाही अगदी बरोबर. मावशींनी पोह्याची बशी खाली ठेवली आणि शांतपणे निकाल दिला, "लई गोड बोलायलंय. बाहेर चौकशी करा."

सरांनी तेच वाक्य अहवालात घालायला लावलं. अहवाल इंग्रजीत असायचा आणि ते इंग्रजी करायचं काम माझं, त्यामुळं 'लई गोड बोलायलंय' याचं सरकारी इंग्रजी करण्यात माझी अख्खी सकाळ गेली. अहवाल ईमेलनं दिल्लीला जायचा. नंतर सर चष्म्याच्या घरातून फोन काढून तिथल्या कुणा जुन्या सहकाऱ्याला गाठायचे. पोचला का, वाचला का, वाचला नसेल तर ऐका, असं म्हणून पहिल्या पानापासून वाचायला लागायचे. पलीकडचा माणूस सुटायचा तो येरमाळ्यात लाइट आली तरच.

पण सरांची खरी कीर्ती झाली ती ड्रोनमुळं. शेतजमिनीची मोजणी ड्रोननं करावी का, हा विषय होता. ड्रोन आणायचा कुठून? बार्शीत लग्नाचं शूटिंग करणारा एक फोटोग्राफर होता, तो आपला ड्रोन घेऊन आला. येरमाळ्याच्या स्टँडमागं मोकळी जागा आहे, तिथं सतरंज्या टाकल्या, खुर्चीवर चादर, चादरीवर ड्रोन. लोक भरपूर जमले होते, कारण पोह्यांची बातमी तोवर पंचक्रोशीत पसरली होती. सरांनी दोन प्रश्न विचारले. मी झकास उत्तरं दिली. तिसऱ्या प्रश्नाआधी ड्रोन जरा उडवून दाखवावा, असं ठरलं.

तेवढ्यात गर्दीतून एक आजी उठल्या. पहिल्यांदा दारात आलंय, तसंच मोकळ्या कपाळानं कसं उडू द्यायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आमच्याकडं ट्रॅक्टर आला, मोटार आली, अगदी नवा मिक्सर आला तरी हळदकुंकू लावल्याशिवाय बटण दाबत नाहीत, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सरांनी तर आजींना हात देऊन पुढं आणलं. पण ड्रोनचं कपाळ कुठलं, हे आजींना कुणी सांगितलं नव्हतं. समोर काहीतरी गोल, चकचकीत दिसलं, तिथं त्यांनी मनापासून हळद लावली, वर ठसठशीत कुंकू लावलं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून पोटाखालीही बोटं ओढली. ते चकचकीत गोल म्हणजे कॅमेरा होता आणि पोटाखाली होते ते ड्रोनला जागेचा अंदाज देणारे सेन्सर.

ड्रोन उडाला. वर गेला, थबकला आणि आपण कुठं आहोत हे न कळल्यासारखा हळूहळू स्टँडकडं सरकायला लागला. फोटोग्राफर रिमोटची बटणं दाबत म्हणत होता की सगळं लाल दिसायलंय, दुसरं काहीच दिसंना. स्टँडवर कळंब-बार्शी गाडी लागलेली होती. ड्रोन अलगद तिच्या टपावर उतरला. त्याच वेळी कंडक्टरनं डबल घंटी मारली. सर चपला हातात घेऊन फाटकापर्यंत पळाले, मागं फोटोग्राफर, त्याच्या मागं मी पोह्यांचं पातेलं घेऊन. पातेलं का घेतलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. गाडी गेली.

पुढं बार्शीच्या स्टँडवर फोटोग्राफरच्या भावानं ड्रोन उतरवून घेतला. ज्याचं घर बार्शीत, ते बार्शीच्या गाडीनं सुखरूप घरी पोचलं. कंडक्टरनं एवढंच विचारलं म्हणे, की पाव्हणं टपावर बसून आलंय, त्याचं तिकीट कुणी काढायचं. गिरणीत ही हकीकत कळल्यावर चाचा म्हणाले, "मशीन को कुंकू लगाव, मगर आँख में नक्को."

दुसरा कुणी असता तर त्यानं हा प्रकार झाकून ठेवला असता. सरांनी त्याचा अहवाल केला. त्यात 'यंत्राने परतीच्या प्रवासासाठी सार्वजनिक वाहतुकीचा लाभ घेतला' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं, आणि शेवटी शिफारस होती की यापुढं प्रत्येक कंपनीनं आपल्या यंत्रावर कुंकू लावायची जागा नेमून द्यावी. मला हसू आवरेना. सर मात्र गंभीर होते. लाइट गेलेली होती, तेव्हा ते सावकाश बोलले. लोक कुंकू लावणार हे या जिल्ह्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे, मग ते यंत्र बनवणाऱ्याला का माहीत नसावं? चूक आजींची न्हाय, संशोधक. त्यांना विचारलं कुणी?

दिल्लीच्या संस्थेनं माझी मुलाखत फोनवर घेतली. तिथल्या बाईंनी, तुम्ही इतके महिने काय शिकलात, असं विचारलं तेव्हा मला दुसरं काही आठवेना, मी ड्रोनचीच गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या. मग त्यांनी, शिफारस काय केली होती, असं विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी ती परत एकदा सांगायला लावली आणि लिहून घेतली. आठवडाभरात निवड झाल्याचं कळलं.

पण तोवर तुळशीचं लग्न लागलं होतं आणि अप्पांनी स्थळ आणलं होतं. कुर्डुवाडीकडचं घर, मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मी दिल्लीचं सांगितलं, तर अप्पा म्हणाले की आता लोक यायचं ठरलंय, त्यांचं होऊन जाऊ दे, मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. वर अप्पांनीच सरांना आमंत्रण दिलं. दिल्लीत मोठ्या हुद्द्यावर राहिलेले साहेब आपल्या मुलीचे वरिष्ठ आहेत, हे पाहुण्यांना दिसावं, एवढाच त्यांचा हेतू. मी सरांना हात जोडून सांगितलं की तिथं फक्त बसायचं, पोहे खायचे, बोलायचं काही नाही. सरांनी शब्द दिला की एक अक्षर बोलणार नाही.

सर आणि त्यांच्या सोबतीला म्हणून चाचा सकाळच्या गाडीनं परंड्यात आले. सर खुर्चीवर ताठ बसले आणि खरोखर एक अक्षर बोलले नाहीत. साहेब किती गंभीर आहेत, याचं पाहुण्यांना कौतुक वाटलं. मी चहा दिला, पोहे दिले, समोर बसले. डोक्यावर पंखा गरगरत होता. मुलाच्या वडिलांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं आणि मग ते माझ्याकडं न बघता अप्पांशीच बोलायला लागले. पोरीनं नोकरी करायची काही गरज न्हाय. माघात बार उडवून देऊ. साखरपुडा तर आजच उरकून घेतला तरी चालेल. अप्पा मान हलवत होते. मला रडावंसं वाटत होतं, आणि पाहुण्यांसमोर रडायचीही सोय नव्हती.

आणि लाइट गेली.

पंखा थांबला. सरांनी पोह्याची बशी खाली ठेवली.

"संशोधक," ते म्हणाले, "काम काय करतो?"

पाहुणे कुणाला हाक मारली म्हणून इकडं तिकडं बघायला लागले. माझी मात्र पाठ आपोआप ताठ झाली. महिनोन्‌महिन्यांची सवय, मी स्थळाच्या बाजूनं उत्तर देऊन मोकळी झाले. पुण्यात कंपनीत आहे, माणसाचा चेहरा बघून दार उघडणारी यंत्रणा बनवतो.

"बिघडला तर कुणाच्या दारात जायचं?"

मुलाची आई म्हणाली की आमचा मुलगा बिघडायचा न्हाय. कोपऱ्यातून चाचांनी समजुतीच्या सुरात, वारंटी है साब, असं सांगितलं.

"अन् नको म्हणायची सोय कुठंय?"

मुलाचे वडील म्हणाले, "नको कशाला म्हणायचं? सगळं चांगलं तर चाललंय."

"म्हणलंच पाहिजे असं न्हाय," सर म्हणाले. "पर सोय असावी लागती. तिच्याशिवाय आमच्यात पुढं जात न्हाईत."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. त्या क्षणी मला सरांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. मी म्हणाले, "अप्पा, मला नको. मला दिल्लीला जायचंय."

एवढ्यात मुलानं घसा खाकरला. इतका वेळ तो बशीतले शेंगदाणे वेगळे काढत बसला होता. तो म्हणाला, "मलाबी आत्ता नको होतं. मला कुणी विचारलंच न्हाय." आणि मग भूक लागल्यासारखा तो भराभर पोहे खायला लागला.

त्याची आई त्याच्याकडं बघत राहिली. त्याचे वडील उठून उभे राहिले आणि हे विचारणारे तुम्ही कोण, असं त्यांनी सरांना विचारलं. त्याच वेळी लाइट आली. पंखा फिरायला लागला. सरांनी एक बोट वर करून पंखा दाखवला, पोह्याची बशी उचलली आणि ते गप्प झाले. मुलाचे वडील बराच वेळ बोलत होते. सर शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

अप्पा काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की ताटाकडं बघायचे. मग एका सकाळी मी गाडीला निघाले तर तेही टोपी घालून निघाले. कुठं जाताय म्हटलं तर ते पुढं चालायला लागले. बार्शीला गाडी बदलली, येरमाळ्याला उतरलो, आणि माझ्या मागोमाग ते गिरणीचा जिना चढून वर आले.

लाइट होती. खाली गिरणी जोरात सुरू होती. सरांनी खुर्ची पुढं केली. अप्पा बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चाचांनी त्यांना नियम सांगितला असावा, कारण ते काही बोलले नाहीत. तिघंही आम्ही नुसते बसून राहिलो. अप्पांच्या खांद्यावर, मिशीवर हळूहळू पीठ बसत गेलं. त्यांनी ते झटकलं नाही. कितीतरी वेळानं लाइट गेली आणि गिरणी थांबली.

अप्पा सरांना म्हणाले, "साहेब, पोरीला पाठवतो मी दिल्लीला. पर तुमचे ते तीन सवाल अपुरे हायेत."

सर सावरून बसले.

"परत यायची सोय कुठंय?" अप्पांनी विचारलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ओरखड्यांतून अप्पांकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "घ्या लिहून. चौथा. हे आपल्याला सुचलंच न्हाय की ओ."

"येईन की, अप्पा," मी म्हणाले, पण नेमकं तेव्हाच जिन्याखालून चाचांनी सोचायची वर्दी दिली आणि गिरणी सुरू झाली. अप्पांनी कानाला हात लावून, काय म्हणालीस, अशी खूण केली. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि गिरणीच्या वरताण ओरडून सांगितलं की दर दिवाळीला येईन, पंचमीला येईन, बोलवाल तेव्हा येईन.

खाली दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी ते सगळं नीट ऐकलं. त्यामुळं दिल्लीत कितीही काम असलं तरी मला यावंच लागतं. येरमाळ्याला गाडी थांबली की त्यातली कुणीतरी भेटतेच आणि गेल्या पंचमीला का आली न्हाईस, म्हणून जाब विचारते. मी गिरणीचा जिना चढून वर जाते. लाइट असते, त्यामुळं सर नुसते मान हलवतात, खुर्ची पुढं करतात, आणि आम्ही दोघं लाइट जायची वाट बघत बसतो.